मूर्तिजापूरची सीट

अमरावतीत मार्च लागला की सगळ्या पोरी सारख्या दिसायला लागतात. डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, अंगात सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे, आणि स्कार्फच्या फटीत दोन डोळे. पुण्याहून आलेल्या एक लांबच्या वहिनी एकदा म्हणाल्या, तुमच्याकडच्या पोरी दरोडा टाकायला निघाल्यासारख्या दिसतात. मी म्हटलं, दुपारी दोनला उघड्या तोंडानं गाडीवर बडनेऱ्यापर्यंत जाऊन या, मग बोलू. वहिनी काही गेल्या नाहीत. माझं हे फटकन बोलणं आमच्या घरात कोणालाच आवडायचं नाही. पुढं जे झालं त्यात या बोलण्याचा मोठा वाटा आहे असं मी बरीच वर्षं धरून चालले होते, म्हणून ते आधीच सांगून टाकलं.

मला स्कार्फ आवडायचा, आणि तो काही उन्हासाठी नाही. एकोणतीस वर्षांची होईपर्यंत मला सात घरच्या लोकांनी समोर बसवून पाहिलं होतं. कोणी उंची पाहिली, कोणी चाल. एका काकूंनी तर माझी वेणी हातात घेऊन खरी आहे का ते ओढून पाहिलं. स्कार्फ बांधला की हे सगळं बंद. मी लोकांना बघायची, मला कोणी बघायचं नाही. त्यात मला फार सुख होतं.

त्या सातांतला शेवटचा मूर्तिजापूरचा होता.

त्याआधी बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा गणिताचे मास्तर. वलगावकडच्या एका शाळेत सगळी नोकरी काढली. मी आठवीत असताना आई गेली आणि त्यानंतर बाबांनी पंचांग हातात घेतलं. आधी लोकांना वाटलं, बिचाऱ्याचा विरंगुळा आहे. मग हळूहळू आमच्या पुढच्या खोलीत लोक यायला लागले. एका हातात पोराची पत्रिका, दुसऱ्या हातात पोरीची. बाबा चष्मा पुसायचे, शिसपेन्सिलीनं चौकोन काढायचे, आकडेमोड करायचे. चहासुद्धा आमचाच असायचा. आणि एखाद्या पोरीचा बाप फारच काकुळतीला आला, तर बाबा जन्मवेळ थोडी सरकवायचे. मी स्वतः दाराआडून ऐकलंय. "दवाखान्याचं घड्याळ मागं असन. वीस मिन्टं पुढं धरून पाहू." की मंगळ एका घरातून शेजारच्या घरात जायचा आणि पोरीचं लग्न जमायचं. ती जोडपी दिवाळीला पाया पडायला यायची. सगळी धडधाकट. मला बाबांचं हे फार आवडायचं, आणि थोडं हसूही यायचं.

तर तो मूर्तिजापूरचा. रविवारी सकाळी आई आणि मामाला घेऊन आला. माझ्या आईच्या जागी आमच्याकडे आत्या सगळं बघायची, स्थळही तिच्याच दिरांनी आणलेलं होतं. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, तर हा आपला मान खाली घालून बसलेला. सुरुवातीला वाटलं, माजलाय. मग लक्षात आलं. जोडे दाराशी काढले होते, आणि डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. अंगठा अख्खा बाहेर. हा दुसऱ्या पायानं तो झाकत होता, तो पाय सरकला की अंगठा पुन्हा बाहेर. मला इतकं हसू दाटून आलं की बशा हलायला लागल्या. त्याच्यापुढे बशी धरताना मी वाकले आणि हळूच म्हटलं, "डावा मोजा उजव्या पायात घाला. भोक करंगळीकडे जाते, मग दिसत नाई."

त्याचे कान लाल झाले. कान मोठे होते, त्यामुळं ते चांगलं दिसलं. बशी घेतली, पण वर काही पाहिलं नाही. तासभर बसले, त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. त्याची आई मात्र मला कामाबद्दल विचारत होती, रक्त काढताना भीती वाटत नाही का म्हणत होती. मी लॅब टेक्निशियन होते, तेव्हा अमरावतीतच. निघताना तिनं एक चिठ्ठी बाबांच्या हातात दिली. त्यावर पोराची जन्मतारीख आणि वेळ. "आमचा काई विश्वास नाई सर, पन तुमाले पाहाची असन तं पाहा."

खरं सांगते, मला तो आवडला होता. भोकाची लाज वाटणारा माणूस वाईट नसतो असं मला वाटलं. मी आठ दिवस वाट पाहिली, मग पंधरा. मग आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "त्यायचं काईच आलं नाई. तू काही बोलली होती का वं थ्या पोराले?"

मी मोज्याचं सांगितलं. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"पोरगी पाह्याले आलेल्या पोराच्या पायातलं भोक काढते का कोनी? तुह्या तोंडानं घालवलं पोरी हे. तुह्या तोंडानं."

बाबा तिथंच बसले होते. मांडीवर पंचांग उघडं होतं. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांचंही तेच मत आहे. पुढं आठवं स्थळ आलं तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही, तर त्या लोकांनी पोरगी घुमी आहे म्हणून कळवलं. त्यानंतर मी सांगून टाकलं की आता पुरे. बाबांनी आग्रह केला नाही.

तीन वर्षं गेली. मला अकोल्यात बऱ्या लॅबमध्ये काम मिळालं आणि माझं अपडाउन सुरू झालं. सकाळी सातची एसटी, साडेनवाला अकोला. लॅबमधल्या एका मुलीनं माझ्या फोनमध्ये जपानी चित्रकथा टाकून दिल्या होत्या, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. मोठ्या डोळ्यांच्या पोरी, लाजणारी पोरं, पानापानावर फुलं. हसू येईल इतक्या गोड. मी बसमध्ये तेच वाचत असायची.

मार्चातल्या एका सकाळी मूर्तिजापूरला तो बसमध्ये चढला. बस भरलेली, माझ्या शेजारची एकच सीट रिकामी. मी कान पाहिले आणि ओळखलं. तो बसला आणि बसल्याबरोबर त्यानं आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून आठवते. ज्यानं साधं नाही म्हणून कळवायचेही कष्ट घेतले नाहीत, तो आरामात माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता आणि त्याला काही पत्ताच नव्हता.

"मॅडम, हे काय उलटं वाचून राहिल्या?" त्यानं विचारलं.

"उलटं तुमच्याकडून दिसते," मी म्हटलं.

तो हसला. चांगलं मोकळं हसला. मग कुठल्या, काय करता, असं विचारायला लागला. अपडाउनवाले विचारतातच. मी म्हटलं, धामणगाव रेल्वेची, अमरावतीत मावशीकडे राहते. आणि पाठोपाठ तेही सांगून टाकलं जे बसमधल्या निम्म्या पोरी सांगतात. "साक्षगंध झालं माझं. दिवाळीनंतर लग्न आहे." पर्समध्ये सेफ्टीपिन ठेवतात तसं हे खोटं आम्ही जवळ ठेवतो. समोरचा माणूस मग नीट वागतो. तोही नीट वागला. "अभिनंदन मॅडम," म्हणाला आणि दोन बोटं आणखी लांब सरकून बसला.

माझा बेत सोपा होता. ओळख वाढवायची, आणि एक दिवस स्कार्फ खाली करून म्हणायचं, हे बघा, या तोंडाला तुम्ही नाही म्हटलं होतं. मी फक्त बऱ्या दिवसाची वाट पाहत होते.

तो दिवस मी रोज पुढं ढकलत गेले. तो सरकारी प्रयोगशाळेत माती तपासायचा. गावातल्या कोणाकोणाच्या शेतातली माती पिशव्यांत भरून आणायचा आणि सीटखाली ठेवायचा. एकदा पिशवी फुटली आणि माझ्या सँडलमध्ये कोणाचं तरी अर्धं वावर गेलं. मी म्हटलं, आता हे माझ्या नावावर करून द्या. तो मला मातीचं सांगायचा, मी त्याला रक्ताचं. सुई पाहून मोठमोठे मिशीवाले कसे आडवे होतात ते सांगितलं की तो हसून डोळे पुसायचा. कधी तिळाची वडी आणायचा, कधी गूळ-फुटाणे. स्कार्फमुळं मी त्याच्यासमोर काही खाऊ शकत नव्हते. पुडी पर्समध्ये टाकायची आणि लॅबमध्ये जाऊन खायची. एकदा म्हणाला, लॅबमध्ये येऊन साखर तपासून घेतो. मी म्हटलं, येऊ नका, आमच्याकडे फार गर्दी असते.

आणि मी त्याची सीट राखायला लागले. शेजारी पर्स ठेवायची, आणि कोणी आलं की विचारायचं, "कुठं उतरता?" मूर्तिजापूर म्हटलं की पर्स उचलायची. अकोला म्हटलं की "इथं आहेत," म्हणायचं. या प्रश्नामुळं लोक मला विक्षिप्त समजायचे. मूर्तिजापूरला शेजारचा उतरायचा, तो चढायचा, आणि पुढचा पाऊण तास माझा असायचा. मी त्याच्या प्रेमात पडले होते. दुसरा शब्द शोधून उपयोग नाही. बत्तीस वर्षांची बाई, रोज शंभर लोकांना सुया टोचणारी, आणि मूर्तिजापूरचा स्टँड आला की झाकलेल्या तोंडावरचा स्कार्फ पुन्हा पुन्हा नीट करायची.

त्या चित्रकथांतली एक गोष्ट मी त्याला रोज थोडी थोडी सांगायची, आणि त्याला तिचं वेड लागलं होतं. गोष्ट साधी होती. एक पोरगी शाळेत चष्मा लावून गपचूप बसणारी, आणि संध्याकाळी केसांचा टोप घालून स्टेजवर गाणारी. एक पोरगा त्या गाणारीसाठी झुरतो, आणि ते चष्मेवालीलाच रोज सांगतो. तीनच भाग होते, मी आठवड्यात संपवले. शेवटी टोप पडतो, फुलं पडतात, पोरगा म्हणतो मला केव्हाचं माहीत होतं. पण तो रोज विचारायचा, "मंग? कळलं का त्याले?" म्हणून मी संपली असं सांगितलंच नाही. माझ्या मनानं वाढवत राहिले.

"थो पोट्टा येडा हाय का?" एकदा तो चिडलाच. "आवाज तं तोच हाय ना तिचा?"

"मानसं आवाज ऐकतच नाईत, सर."

त्यानं विचार केला. "हेबी बराबर हाय," म्हणाला.

मे महिन्यात एका शुक्रवारी त्यानं त्या गोष्टीचं विचारलंच नाही. बोरगाव गेलं तेव्हा बोलला. बार्शीटाकळीचं स्थळ आलंय, रविवारी बघायला जायचंय. आई आता ऐकत नाही. "जाऊ का मॅडम?"

"मला काय विचारता? मोजे चांगले घालून जा," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. मी जीभ चावली.

तो दचकला नाही, उलट हसला. "मोज्याचीच तं गोठ हाय," म्हणाला. आणि त्यानं मला माझीच गोष्ट सांगितली. अमरावतीत एक पोरगी पाहायला गेला होता, मोज्याला भोक होतं, लाजेनं मान वर झाली नाही. "अन् थ्या पोरीनं हळूच येऊन सांगतलं, डावा मोजा उजव्यात घाला. मले वाटलं, बस. हेच पोरगी. जिले आपलं भोक दिसलं अन् जिनं थे लपवाची युक्ती सांगतली, तिच्याच संगं राहाचं."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "मग?"

"मंग काय? दुसऱ्याच दिवशी होकार कळवला आमी. मायनं साडीबी घेऊन ठेवली होती. पन तिकूनच नाई आलं. मध्यस्थ म्हने, पोरीच्या मनात नाई." तो खिडकीबाहेर पाहत होता. "तोंड तरी पाह्याले पाहिजे होतं. आता रस्त्यानं भेटली तरी ओळखू नाई येनार मले."

अकोला जवळ आलं होतं. लोक उठून दाराकडे सरकायला लागले. तो उठला, आणि पायांकडे पाहत म्हणाला, "तुमचं साक्षगंध झालेलं नसतं ना मॅडम, तं म्या बार्शीटाकळीले गेलोच नसतो. जाऊ द्या. राग नका मानू."

माझा हात स्कार्फच्या पिनेवर गेला होता. ती पिन काढली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण मला काही कळेनासं झालं होतं. तीन वर्षं मी स्वतःच्या तोंडाला शिव्या देत होते, आणि ते तोंड बंद ठेवायला शिकत होते. हा म्हणत होता की त्या तोंडासाठीच त्यानं हो म्हटलं होतं. मला आधी घरी जाऊन विचारायचं होतं. तोपर्यंत तो उतरून गेला होता.

संध्याकाळी परतीलाही आमची बस एकच असायची; त्या दिवशी मी मुद्दाम दुसऱ्या बसनं घरी आले. बाबा पुढच्या खोलीत कोणाच्या तरी दोन पत्रिका घेऊन बसले होते. चपला न काढताच मी विचारलं, "मूर्तिजापूरवाल्यांचा होकार आला होता?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "हो."

"मग?"

"पोराले आठव्यात मंगळ होता. बायकोले खाते थो. म्याच आत्याच्या दिराले सांगतलं, पोरीच्या मनात नाई म्हनून कळव, अन् आत्याले काई बोलू नको."

"लोकांचे सरकवता ना तुमी? वीस मिनिटं मागं, वीस मिनिटं पुढं?"

"थ्या लोकाईच्या पोरी हायेत." बाबांचा आवाज अगदी हळू होता. "तुह्या मायची अन् माही पत्रिका कोनी पायलीच नव्हती. म्या मंग पायली. थे गेल्यावर."

मला हे माहीत नव्हतं. पण माझा राग त्यानं कमी झाला नाही. मी म्हटलं, "आत्या मला म्हणाली, तुझ्या तोंडानं घालवलं. तुमी तिथं बसले होते, बाबा. तुमी एक शब्द बोलले नाही."

"सांगतलं असतं तं तू आयकलं नसतं. केलंच असतं तू थे लगन."

ते खरं होतं. मी केलंच असतं. आणि त्यांना वाटत होतं की त्यांनी मला वाचवलं. इतक्या म्हाताऱ्या, इतक्या घाबरलेल्या माणसावर ओरडताही येत नाही. मी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि उरलेलं ताट झाकून ठेवलं. शनिवारी मला सुट्टी होती. रविवारी तो बार्शीटाकळीला गेला असणार. मी ते दोन दिवस एकच वाक्य मनात घोळवत होते.

सोमवारी मी स्कार्फ घरी ठेवला. मे महिन्यात, उघड्या तोंडानं, खिडकीच्या सीटवर. बडनेऱ्यापासूनच ऊन गालावर यायला लागलं. शेजारी मूर्तिजापूरला उतरणारे एक गुरुजी बसवले होते. काय करायचं ते ठरलेलं होतं. तो बसेल, पायांकडे पाहील, आणि मी म्हणेन, डावा मोजा उजव्या पायात घाला. साक्षगंधाचं खोटं होतं म्हणून सांगेन. बाबांच्या मंगळाचं पुढं पाहू.

मूर्तिजापूरला तो चढला. हातात मिठाईचा डबा होता. दारातूनच तो सीटांकडे बघायला लागला, मला शोधत. त्याची नजर माझ्या तोंडावरून गेली आणि पुढं गेली. मग परत आमच्या सीटपाशी आला.

"ताई, इथं कोनी हाय?"

मी ताई झाले होते. मी पर्स उचलली. तो बसला, डब्याची दोरी सोडली, आणि पुढच्या-मागच्या सगळ्यांना पेढे वाटायला लागला. "घ्या बाप्पा, घ्या. जमलं आपलं. बार्शीटाकळीचं." मग डबा माझ्यापुढं धरला. "घ्या ताई. इथं आमच्या एक मॅडम बसत असतात, आज दिसून नाई राहिल्या." त्यानं एक पेढा कागदात बांधला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "त्यायच्यासाठी राहू द्या एक."

वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी बोलले असते तर त्यानं ओळखलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही. आणि त्यानं बार्शीटाकळीला नाही कळवलं असतं, याबद्दलही नाही. पण काल तिथं एका पोरीनं ट्रे धरला होता. तिला होकार आला होता, त्या घरानं पेढे वाटले असतील. आता नकार गेला असता तर त्या घरातल्या आत्यानं, मावशीनं, कोणीतरी तिला विचारलं असतं, तू काही बोलली होती का? नकार पोरीला कुठं जाऊन लागतो ते मला चांगलं माहीत होतं. मी पेढा तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही. अकोल्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले आणि तो त्याच्या जोड्यांकडे.

संध्याकाळी लॅबच्या आरशात पाहिलं तर तोंड भाजून लाल झालं होतं. लॅबमधल्या मुलीचा जुना स्कार्फ मागून बांधला. कापड लागलं तिथं आग होत होती. बसमध्ये या वेळी त्यानं सीट धरली होती.

"मॅडम! सकाळी कुठं होत्या तुमी?"

"उशीर झाला. काय, जमलं?"

त्यानं खिशातून पुडी काढून दिली. पेढा उष्णतेनं चपटा झाला होता. मी अभिनंदन केलं आणि पुडी पर्समध्ये ठेवली. तो बोलत होता. पोरगी शांत आहे, डी.एड. झालेली आहे, साक्षगंध जूनमध्ये. "सकाळी तुमच्या जागी एक बाई बसली होती. एक शब्द नाई बोलली बाप्पा. करमलं नाई."

"कशी होती दिसायला?"

"कोन जाने. म्या पायलंच नाई." मग त्याला आठवलं. "अन् थ्या जपानी पोट्टीचं काय झालं? कळलं का त्याले?"

"नाही कळलं. संपली ती."

"असं कसं? शेवटी तं कळतेच ना."

"याच्यात नाही कळत."

"मंग बेकारच हाय," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. मूर्तिजापूरला उतरून तो खिडकीखाली थांबला, हात हलवला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सहाची बस धरली, आणि परतीची उशिराची. लवकर पोहोचून लॅबच्या पायऱ्यांवर बसून राहायची.

बाबांनी त्या वर्षी पत्रिका पाहणं सोडलं. मी काही म्हटलं नव्हतं. लोक आले की सांगायचे, डोळ्यांना दिसत नाही. आम्ही दोघं एकमेकांशी चांगलं बोलतो, पण त्या विषयावर नाही.

चार वर्षांनी, परवाच्या एप्रिलात, अकोल्याच्या स्टँडवर मागून हाक आली. "मॅडम!" माझ्या तोंडाला स्कार्फ होता, म्हणूनच त्यानं ओळखलं. सोबत बायको आणि तीनेक वर्षांची मुलगी. बायको गुटगुटीत, हसरी, चांगली ठणठणीत. मी नको इतका वेळ तिच्याकडे पाहत राहिले. आठव्या घरातल्या मंगळानं तिचं काहीसुद्धा वाकडं केलं नव्हतं.

"लगन झालं ना तुमचं? बरे हायेत ना मिस्टर?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "बरे आहेत."

त्याची बायको पुढं आली. "ह्याच काय त्या मॅडम? हे रोज पोरीले तुमची थे जपानी गोठ सांगतात. त्याबिगर झोपतच नाई थे."

"शेवट म्या बदलला पन," तो कान लाल करून म्हणाला. "आमच्याइकडच्या गोठीत त्याले कळते. थे एकच वाक्य बोलते अन् हा आवाजावरून लगेच ओळखते तिले."

"चांगला आहे हा शेवट," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा चांगला आहे."

त्यानं ते ऐकलं, खुशीत हसला, आणि मुलीला कडेवर घेतलं. तेवढ्यात अमरावती गाडी लागली आणि मी सीट धरायला पळाले.